तक्रारींची बारनिशी

तालुक्याच्या कचेरीत अर्ज घेऊन तुम्ही कधी गेला असाल, तर बारनिशीच्या खिडकीशी उभे राहिलाच असाल. आतला कारकून अर्ज घेतो, वरवर चाळतो, त्यावर आवक क्रमांक घालतो आणि कोपऱ्यात दोन-तीन अक्षरे लिहितो. हा अर्ज कोणत्या टेबलाकडे जावयाचा, त्याची ती खूण. अर्ज जमिनीचा, रेशनचा की पाणीपट्टीचा, हे त्याने अर्ध्या मिनिटात ठरवायचे असते. आपले लक्ष त्याच्याकडे फारसे नसते. साहेबांची सही केव्हा होते, ह्याचीच आपल्याला काळजी. पण माझ्या वडिलांचा सातबाऱ्यावरील नावाच्या दुरुस्तीचा एक अर्ज एका कचेरीत चुकीच्या टेबलावर चौदा महिने पडून होता. तो कोणी नामंजूर केला नव्हता. ज्याने तो वाचावयास हवा होता, त्याच्यापुढे तो गेलाच नव्हता! तेव्हापासून बारनिशीच्या कामाविषयी मला आदर वाटतो, आणि थोडी धास्तीही.

आज जो इतिहास सांगावयाचा आहे तो अशाच एका बारनिशीचा. मात्र ती कोणत्याही सरकारची नाही. तिला इमारत नाही, खिडकी नाही, आणि तिचे पुष्कळसे कारकून बिनपगारी. गेल्या तीस वर्षांत त्या कारकुनांच्या शेजारी हळूहळू एक यंत्र येऊन बसले, आणि आता कोपऱ्यातली ती दोन-तीन अक्षरे पुष्कळदा यंत्रच लिहिते.

आधी थोडी ओळख करून देतो. संगणक किंवा तुमच्या हातातला फोन ज्या सूचनांवर चालतो, त्या सूचनांना सॉफ्टवेअर म्हणतात हे आता खेड्यातल्या पोरांनाही ठाऊक आहे. बहुतेक कंपन्या आपल्या सूचनांची मूळ संहिता कुलपात ठेवतात. काही सॉफ्टवेअर मात्र असे असते की त्याची संहिता कोणीही वाचावी, तपासावी, सुधारून परत पाठवावी. ह्याला मुक्तस्रोत म्हणतात. गावच्या विहिरीचा गाळ काढायला जसे सारे उतरतात, तसा हा मामला. अशा सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला की वापरणारा तसे कळवतो. दोषाला इंग्रजीत ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. हा शब्द संगणकाहूनही जुना, एडिसनने १८७८ साली आपल्या एका पत्रात तो ह्याच अर्थाने वापरला होता. असो. तक्रारी जगभरातून येतात. त्या कोठेतरी नोंदवायला हव्यात, आणि त्यांवर चिठ्ठ्या लावायला हव्यात: हा दोष की नुसती मागणी, किती गंभीर, कोणत्या विभागाचा. त्या चिठ्ठीला ही मंडळी ‘लेबल’ म्हणतात.

डेबियन नावाचा मुक्तस्रोताचा एक मोठा प्रकल्प १९९३ साली सुरू झाला. त्यासाठी १९९४ साली इयान जॅक्सन ह्या गृहस्थाने तक्रारींची एक वही तयार केली. वही म्हणजे अर्थात संगणकातली, आणि तिचा सारा कारभार पत्रांनी, म्हणजे ई-मेलने, चालतो. तक्रार पाठवणाऱ्याने पत्राच्या आरंभीच्या ओळीत ही तक्रार सॉफ्टवेअरच्या कोणत्या भागाविषयी आहे त्याचे नाव लिहावयाचे. म्हणजे चिठ्ठी लावण्याचे काम अर्जदाराकडेच. मग जाणकार ते पत्र वाचत आणि दुसऱ्या एका ठरावीक पत्त्यावर आज्ञा पाठवत: अमुक क्रमांकाची तक्रार अमुक दर्जाची समजावी. यंत्र ती आज्ञा वाचून नोंद बदलीत असे. दर्जांच्या पुढे सात पायऱ्या ठरल्या. सर्वांत वर प्राणघातक म्हणावा असा दोष, सर्वांत खाली ‘विशलिस्ट’, म्हणजे दोष नव्हे, नुसती इच्छा.

ह्या व्यवस्थेतली एक गंमत मला फार आवडते. यंत्राला सभ्यता कळत नाही. पत्राखालची सहीसुद्धा ते आज्ञा समजून वाचू लागेल. म्हणून असा संकेत आहे की आज्ञा संपल्या की एका ओळीत ‘थँक्स’ लिहावे. आभार मानले की यंत्र वाचणे थांबवते. अजूनही डेबियनमध्ये पत्रे अशीच संपतात, आणि नवख्या माणसाला वाटते, काय विनयशील लोक आहेत!

येथे यंत्राचे काम किती, तर सांगितलेली चिठ्ठी डकवण्याएवढे. ती कोणती असावी हा निर्णय माणसाचा. ही पहिली पायरी ध्यानात ठेवा.

आता मोझिलाकडे वळू. कॅलिफोर्नियातील नेटस्केप कंपनीने ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरची मूळ संहिता जगाला खुली केली. ब्राउझर म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेट पाहतो ती. ह्या प्रकल्पाचे नाव मोझिला, आणि त्यातूनच पुढे २००४ साली फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. संहिता खुली झाल्यावर तक्रारींची वहीही खुली हवी. टेरी वाइसमन ह्यांनी १९९८ सालीच ती लिहिली. तिचे नाव बगझिला. ही वही पत्रांऐवजी छापील फॉर्मसारखी दिसते. रकाने भरा, विभाग निवडा, तक्रार लिहा, नंबर मिळेल.

विभाग निवडा, असे म्हणणे सोपे. पण अशा प्रकल्पात विभाग शेकड्यांनी असतात. एक उदाहरण घेऊ. फायरफॉक्स मराठीतही मिळतो. स्वयंसेवकांनी तो मराठीत आणला. समजा, तुमच्या शाळेतल्या संगणकावर फायरफॉक्समध्ये एखाद्या पानावरचे जोडाक्षर फुटलेले दिसते. ‘क्ष’च्या जागी क, पाय मोडल्याची खूण आणि ष असे सुटे सुटे. तुम्ही कळवले की ‘मराठी नीट दिसत नाही’. मोझिलाच्या वहीत मराठी भाषांतराचा एक स्वतंत्र विभाग आहे. कारकून घाईत असेल तर ‘मराठी’ हा शब्द पाहून तो तुमचा अर्ज तिकडे पाठवील. तेथे बसतात भाषांतर करणारे. मेनूतला एखादा शब्द बदलून देणे त्यांच्या हातात. अक्षरे पडद्यावर कशी जुळवावी हे त्यांच्या हातात नाही. ते काम मजकुराची मांडणी आणि टंक पाहणाऱ्या विभागाचे. म्हणजे वडिलांच्या सातबाऱ्याचीच गत.

फॉर्म भरणाऱ्याला विभाग ठाऊक नसेल तर तक्रार ‘अनट्रायाज्ड’, म्हणजे ‘अजून न निवडलेल्या’, ह्या ढिगात पडते. ट्रायाज हा मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ निवडणे. रणांगणावरच्या इस्पितळात कोणत्या जखमीकडे आधी पाहावयाचे हे ठरवताना तो रूढ झाला. प्रोग्रामर मंडळींनी तो तेथून उचलला, आणि मला तो अतिशयोक्तीचा वाटत नाही. ढिगातल्या तक्रारीकडे कोणताच विभाग आपली म्हणून पाहत नाही.

हा ढीग यंत्राने उपसावा, ही कल्पना पहिल्यांदा विद्यापीठात नीट तपासली गेली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात दावोर चुब्रानिच आणि गेल मर्फी ह्यांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एक्लिप्स ह्या मोठ्या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या १५,८५९ तक्रारी घेतल्या. जुन्या तक्रारींतील शब्द आणि ती तक्रार कोणाच्या हातून निकालात निघाली, ह्यांची सांगड यंत्राला घालायला शिकवली. मग नवी तक्रार दाखवून विचारले: ही कोणाकडे द्यावी? यंत्राने सुमारे ३० टक्के वेळा बरोबर नाव सांगितले. दहा अर्जांपैकी सात चुकीच्या माणसाकडे. त्याच विद्यापीठात जॉन अँविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली पद्धत सुधारली. तेव्हा यंत्राने सुचवलेली नावे एक्लिप्ससाठी ५७ टक्के आणि फायरफॉक्ससाठी ६४ टक्के योग्य निघाली. त्यांनी यंत्राला निर्णय करू दिला नाही. ते नावे सुचवी, निवड माणूस करी.

गुरुजी मंडळींच्या मनात येथे एक शंका आली असेल. यंत्र जुन्या वह्या पाहून शिकते. पण त्या वह्या बरोबर तपासलेल्या होत्या ना?

हीच शंका जर्मनीत तिघांना आली. किम हर्झिग, साशा युस्ट आणि आंद्रेआस त्सेलर, ठिकाण सारलँड विद्यापीठ. त्यांनी पाच मुक्तस्रोत प्रकल्पांतील सात हजारांहून अधिक तक्रारी काढल्या आणि एकेक करून हाताने वाचल्या. यंत्राने नव्हे, माणसाच्या डोळ्यांनी. शोध २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्या तक्रारींवर ‘दोष’ अशी चिठ्ठी होती, त्यांपैकी ३३.८ टक्के मुळात दोष नव्हत्याच. कोणाची नवी मागणी होती, कोणी माहितीपत्रक दुरुस्त करा म्हटले होते, कोणाला नुसती संहितेची आवराआवर हवी होती. शंभरातल्या तेहतीस-चौतीस चिठ्ठ्या चुकीच्या! ह्याचा पुढचा परिणाम असा की सॉफ्टवेअरच्या ज्या फायली दोषयुक्त म्हणून गणल्या गेल्या, त्यांतल्या ३९ टक्के फायलींत दोष कधी नव्हताच.

ह्यात कारकुनांना दोष देऊ नये. तक्रार करणाऱ्याला आपली मागणीही दोषच वाटते. वीज येत नाही हा दोष, आणि आमच्या वस्तीवर खांब नाही ही मागणी. पण अंधारात बसलेल्याला हा फरक सांगून पाहा! तरीही इतिहासाचा अध्यापक म्हणून मला हा शोध फार मोलाचा वाटतो. आमच्या विषयात आम्ही मुलांना सांगतो की दप्तरात लिहिले आहे म्हणून खरे मानू नका. लिहिणारा कोण, घाईत होता की निवांत, हे पाहा. तेच येथे. यंत्र जे शिकते ते दोषांविषयीचे सत्य नव्हे. माणसांनी दोषांवर काय शेरे मारले, एवढेच ते शिकते. शेरे तिरके असतील तर यंत्रही तितकेच तिरके शेरे मारील, फक्त जास्त वेगाने आणि न थकता.

मधल्या काळात चिठ्ठ्यांचा सुळसुळाटही झाला होता. गिटहब ह्या ठिकाणी लाखो प्रकल्प नांदतात आणि ज्याने त्याने आपली लेबले आपणच नावे देऊन करावीत अशी तेथे मोकळीक आहे. नवशिक्याला जमेल असे काम दाखवणारी चिठ्ठी कोणी एका नावाने लावी, कोणी दुसऱ्या. गिटहबच्या लोकांनी २०१९ च्या सुमारास नवशिक्यांना कामे सुचवण्याची सोय केली, तेव्हा त्यांना अशा एकाच अर्थाच्या सुमारे ३०० नावांची यादी करावी लागली! ती यादी माणसांनी बसून केली. तिच्यावरून मग यंत्राला शिकवले. चिठ्ठी नसलेल्या तक्रारींतूनही सोप्या तक्रारी ओळखणे, हे त्याचे काम. नव्या कार्यकर्त्याला पहिले काम जमले तर तो टिकतो, म्हणून ह्या चिठ्ठीला एवढे महत्त्व.

कुबर्नेटीस नावाच्या प्रकल्पाची कथा वेगळी आहे. गूगलने २०१४ साली तो खुला केला. एकमेकांशी जोडलेल्या पुष्कळ संगणकांवर कामे वाटून देणारे हे सॉफ्टवेअर. मोठमोठ्या कंपन्या ते वापरतात, म्हणून तक्रारींचा लोंढा मोठा. तेथे एक यंत्र-मुनीम नेमला आहे. तक्रारीखाली कोणी तिरक्या रेघेने सुरू होणारी एक लहान आज्ञा लिहिली की तो त्या गटाची चिठ्ठी लावतो. कोणत्याच गटाची चिठ्ठी नसेल तर ‘गट हवा आहे’ अशी चिठ्ठी आपणहून डकवतो. येथवर ठीक. पण त्याला आणखी एक काम दिले गेले. तक्रारीवर ९० दिवस कोणी काही बोलले नाही तर तिला ‘शिळी’ म्हणावयाचे. आणखी ३० दिवस गप्प, तर ‘कुजलेली’. आणखी ३० दिवस गेले की बंद.

नियम करणाऱ्यांची अडचण मला समजते. हजारो तक्रारी, पाहणारे थोडे, आणि पुष्कळशा तक्रारी खरोखर कालबाह्य झालेल्या. वही कधीतरी झाडावीच लागते. शिवाय ‘ही गोठवून ठेवा’ अशी आज्ञा देऊन माणूस तक्रार वाचवू शकतो, आणि बंद झालेली पुन्हा उघडताही येते. तरीसुद्धा माझे मत विरुद्ध आहे. विभागाची चिठ्ठी तक्रारीतल्या मजकुरावरून लागते. ‘शिळी’ ही चिठ्ठी मात्र मजकूर न वाचता, केवळ शांततेवरून लागते, आणि शांतता नेमकी कोणाची? बहुधा ज्याने उत्तर द्यावयाचे त्याची. उत्तर न मिळाल्याने कंटाळून गप्प बसलेल्या माणसाचा अर्ज त्याच्या गप्प बसण्यामुळे निकालात निघावा, हा न्याय मला मान्य होत नाही.

आता पुन्हा मोझिलाकडे येतो, कारण यंत्राने स्वतः मजकूर वाचून निर्णय करावयाचा, ही पायरी तेथे नीट विचाराने चढली गेली. तेथील अभियंत्यांनी ‘बगबग’ नावाची साधने तयार केली. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस त्यांतले विभाग ठरवणारे यंत्र कामाला लागले आणि एप्रिलमध्ये त्यांनी त्याची हकीकत प्रसिद्ध केली. शिकवणीसाठी दोन वर्षांच्या, एक लाखाहून अधिक तक्रारी घेतल्या होत्या. यंत्राच्या आत हो-नाही प्रश्नांची पुष्कळ झाडे असतात असे समजा: हा शब्द आला का, तो आला का, ही खूण आहे का. एक झाड चुकले तर पुढचे त्याची चूक थोडी सावरते.

पण त्यांनी शिकवताना जी एक खबरदारी घेतली ती प्रत्येक शिक्षकाने ऐकण्याजोगी आहे. वहीतली जुनी तक्रार आज उघडली तर ती मूळ रूपात नसते. कोणी तिचा मथळा सुधारलेला असतो, कोणी खुणा जोडलेल्या असतात. तीच यंत्राला दाखवली तर सुबक केलेल्या तक्रारी ओळखायला ते शिकेल, आणि प्रत्यक्ष कामावर आल्यावर पहिल्याच दिवशी ओबडधोबड, अर्धवट इंग्रजीतली, घाईत लिहिलेली तक्रार पाहून गोंधळेल. परीक्षेत येणारा कच्चा प्रश्न वेगळा आणि वर्गात फळ्यावर सोडवून दाखवलेला वेगळा. बगझिलाच्या वहीत मात्र कोणी, केव्हा, काय बदलले ह्याची प्रत्येक नोंद जपलेली आहे. तिच्या आधारे त्यांनी प्रत्येक तक्रार मागे मागे नेत तिच्या पहिल्या दिवसाच्या रूपाला आणली, आणि मग यंत्रापुढे ठेवली. प्रश्न पहिल्या दिवसाचा, उत्तर शेवटचे, माणसांनी दुरुस्त करीत नेलेले.

दुसरी खबरदारी अशी की यंत्राला ‘मला ठाऊक नाही’ म्हणण्याची मुभा दिली. उत्तराबरोबर ते आपली खात्री किती हेही सांगते. खात्री ६० टक्क्यांहून कमी असेल तर यंत्राने तक्रारीला हात लावावयाचा नाही. ती ढिगातच राहते, माणूस पाहतो. एवढे पथ्य पाळल्यावर यंत्राने लावलेल्या विभागांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरोबर निघू लागले. पहिल्या काही आठवड्यांत त्याने सुमारे ३५० तक्रारी मार्गी लावल्या, आणि त्यांतल्या निम्म्यांवर दोन दिवसांच्या आत कोणा जाणकाराने काही ना काही हालचाल केली. २००४ च्या तिसापासून येथवरचा प्रवास पंधरा वर्षांचा. दोन्हीकडचे प्रश्न अगदी एक नव्हेत, तेथे माणूस शोधावयाचा होता आणि येथे विभाग, हे खरे. पण माझ्या समजुतीप्रमाणे यंत्र हुशार झाले, हे त्यातले निम्मेच कारण. त्याला कोठे गप्प बसावयाचे हे शिकवले, हे दुसरे निम्मे.

आणि त्या लाखभर तक्रारींवरच्या बरोबर चिठ्ठ्या? त्या वर्षानुवर्षे बसून लोकांनी लावल्या होत्या. त्यांत काही पगारी, पुष्कळ स्वयंसेवक. कोणा विद्यार्थ्याने रात्री एक तक्रार ह्या विभागातून त्या विभागात हलवली असेल. तेवढीच त्याची कामगिरी, पण यंत्राने ती गिरवली.

त्यानंतरच्या वर्षांत मोठी भाषा-यंत्रे आली. त्यांना एकेका प्रकल्पाच्या जुन्या वह्या न दाखवताही, नुसती विभागांची नावे आणि अर्थ सांगितले तर ती चिठ्ठी सुचवू शकतात. लहान प्रकल्पांना, ज्यांच्यापाशी लाखभर जुन्या तक्रारी नाहीत, त्यांना ही मोठीच सोय झाली. मात्र ही यंत्रे चुकीचे उत्तरही ठाम आवाजात देतात, म्हणून ६० टक्क्यांचा तो उंबरठा येथे कसा बांधावा, हा प्रश्न अवघड होऊन बसला आहे.

तुमच्यापैकी कोणाच्या शाळेत फायरफॉक्स असेल आणि त्यात खरोखरच जोडाक्षर फुटलेले दिसले, तर गप्प बसू नका, बगझिलात खाते काढून कळवा. मोडके इंग्रजी चालते. ‘मराठी दिसत नाही’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या पानावर, फायरफॉक्सची कोणती आवृत्ती, कोणते अक्षर, कसे दिसावयास हवे होते आणि कसे दिसले, हे लिहा. त्या अक्षराचे चित्र जोडा. ही वही साऱ्या जगाला दिसते, तेव्हा घरचा पत्ता किंवा फोन नंबर तीत घालू नका. नंबर मिळेल तो जपून ठेवा आणि आठवड्याने पाहा, कोणत्या विभागाची चिठ्ठी लागली आहे. ती भाषांतराची असेल, तर खाली एका ओळीत लिहा की शब्द बरोबर आहेत, अक्षरांची जुळणी चुकते आहे. कोणीतरी ती तक्रार योग्य विभागात हलवील, आणि यंत्राची पुढची शिकवणी होईल तेव्हा तुमची तक्रार तिच्या पहिल्या दिवसाच्या शब्दांत, ह्या दुरुस्त उत्तरासह, त्याच्यापुढे ठेवली जाईल.